लेबर डेची शर्यत लेबर डेलाच का हवी?

उत्तर कॅरोलायनातल्या शार्लटला नोकरीनिमित्त नुकत्याच आलेल्या एका मराठी मित्राचा हा प्रश्न आहे. २०२६ च्या नॅस्कार कप मालिकेचं, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या मुख्य मालिकेचं, वेळापत्रक जाहीर झालं त्या दिवशी त्याच्या ऑफिसात दुसरा विषयच नव्हता. नॉर्थ विल्क्सबरोच्या जुन्या ट्रॅकला गुणांची (म्हणजे विजेतेपदासाठी धरली जाणारी) शर्यत परत मिळाली म्हणून काही जण खूश होते. सॅन दिएगोच्या नौदल तळावर गाड्या पळवायचं ऐकून काही नाराज होते. एक साठीतला सहकारी तर "माझं तिकीट आता बंद" म्हणत जेवणावरून उठून गेला. मित्र विचारतो, ३६ शर्यतींतल्या चार-पाच इकडच्या तिकडे झाल्या तर माणसं एवढं मनाला का लावून घेतात? आणि आयोजक या आरड्याओरड्याकडे लक्ष तरी देतात का?

मी १९ वर्षं अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या ट्रॅकवर तिकीट विभागात काम केलं. वेळापत्रक जाहीर झालं की पहिला फोन आमच्याच टेबलावर वाजायचा. त्या फोनवर जे ऐकलं त्याच्या जोरावर हे उत्तर देतोय.

तिकिटावर ट्रॅकचं नाव आणि रांगेचा नंबर छापलेला असतो, पण माणसाने पैसे मोजलेले असतात ते वर्षातल्या एका ठरावीक शनिवार-रविवारसाठी. हे लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. आमच्याकडे दर वर्षी तिकिटांचं नूतनीकरण चालायचं. जुन्या प्रेक्षकाला त्याच्या जागेवर पहिला हक्क असतो. त्याने मुदतीत पैसे भरले की तीच रांग, त्याच खुर्च्या. कित्येक घरांत या खुर्च्या बापाकडून मुलाकडे आलेल्या असतात. खात्यावरचं नाव बदलायचं असेल तर आम्ही मृत्यूचा दाखला मागायचो, आणि असे दाखले दर हंगामात यायचे. त्या पाकिटांबरोबर बहुतेक वेळा एक फोटोही असायचा. आम्ही तो मागितलेला नसायचा, पण घरच्यांना तो पाठवावासा वाटायचा.

एक फोन अजून आठवतो. ट्रॅकचं नाव सांगत नाही. आमची वसंतातली शर्यत शरद ऋतूत ढकलली गेली होती. वेस्ट व्हर्जिनियातून एक निवृत्त खाण कामगार बोलत होते. चौथ्या वळणावर त्यांच्या सहा खुर्च्या होत्या. तीन भाऊ तीन राज्यांत राहायचे आणि वर्षातून एकदाच, शर्यतीच्या आठवड्यात, आमच्या कॅम्पग्राउंडवर एकत्र यायचे. धाकटा शाळेत शिकवायचा, त्यामुळे वसंतातली सुट्टी तेवढी त्याच्या हातात. नवी तारीख शाळा सुरू झाल्यावरची होती. मी शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "तुमच्या जागा कायम आहेत, तिकिटाचा दरही तोच आहे." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "जागा आहेत हो, पण माणसं जमायची कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या कुटुंबाने पुढच्या वर्षी दोन खुर्च्या ठेवल्या आणि त्याच्या पुढच्या वर्षी एकही ठेवली नाही. जागा तीच, शर्यत तीच, दरही तोच होता. फक्त तारीख हलली होती.

आपल्याकडे जत्रेची तिथी असते तसंच हे समजा. जत्रेला जाणारा देवासाठी जातो, पण त्या दिवशी सगळा गोतावळा येणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ती तिथी कुणी सोयीसाठी पुढच्या महिन्यात नेली तर देव जागचा हलत नाही, पण जत्रा मोडते.

याचा सगळ्यात मोठा धडा डार्लिंग्टनने दिला. साउथ कॅरोलायनातलं हे लहानसं गाव शार्लटपासून दोनेक तासांवर आहे. हॅरोल्ड ब्रेसिंग्टन यांनी इथे शेतजमिनीवर ट्रॅक बांधला. एका बाजूला मासळीचं तळं होतं आणि ते बुजवू देणार नाही असं जमीनमालकाने बजावलं होतं, म्हणून एक टोक आवळावं लागलं. ट्रॅकला आलेला तो अंड्यासारखा आकार आजही तसाच आहे. ४ सप्टेंबर १९५० ला, लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या अमेरिकी कामगार दिनाच्या) दिवशी, इथे पहिली सदर्न ५०० झाली. ७५ गाड्या सुटल्या, शर्यत सहा तासांहून जास्त चालली आणि जॉनी मांट्झ जिंकला. तेव्हापासून अर्धशतकाहून जास्त काळ दक्षिणेतल्या लोकांसाठी लेबर डेचा शनिवार-रविवार म्हणजे डार्लिंग्टन हे समीकरण होऊन गेलं होतं.

२००४ मध्ये ती तारीख कॅलिफोर्नियातल्या फोंटानाला गेली. कारण समजण्यासारखं होतं. लॉस एंजेलिसची बाजारपेठ मोठी आणि नॅस्कारला देशभर पसरायचं होतं. डार्लिंग्टनची सदर्न ५०० त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये झाली. २००५ पासून ट्रॅककडे वर्षाला एकच शर्यत उरली, तीही मे महिन्यात मदर्स डेच्या आदल्या रात्री. फोंटानात सप्टेंबरच्या सुरुवातीचं ऊन माणसाला बसू देत नाही. स्टँड भरायचे नाहीत आणि टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसायच्या. पाच वर्षांनी, २००९ मध्ये, ती तारीख अटलांटाला दिली गेली आणि २०१५ मध्ये अखेर डार्लिंग्टनला परत आली. त्या वर्षापासून तिथे संघ जुन्या काळातल्या रंगसंगतीच्या गाड्या आणू लागले आणि त्या शनिवार-रविवारला पुन्हा जीव आला.

म्हणजे तारीख घरी यायला ११ वर्षं लागली. त्या काळात मी या व्यवसायात नवा होतो. वरिष्ठ सांगायचे की पहिल्या वर्षी लोक ओरडतील, दुसऱ्या वर्षी विसरतील. ते चुकले. लोक विसरले नाहीत, पण ११ वर्षांत अनेकांनी त्या तीन दिवसांत दुसरं काहीतरी करायची सवय लावून घेतली. समुद्रावर जाणं, कॉलेजचं फुटबॉल बघणं, नातवंडांकडे जाणं. परत आलेल्या शर्यतीला ते लोक सगळेच्या सगळे परत आले नाहीत. नवे आले, त्यातून बरीच भरपाई झाली, पण नव्या माणसाला तिथे रुजायला वेळ लागतो.

नॉर्थ विल्क्सबरोची जखम याहून खोल आहे. उत्तर कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातला हा ०.६२५ मैलाचा ट्रॅक. एका सरळ भागावर गाड्या चढतात आणि दुसऱ्यावर उतरतात. १९४९ च्या पहिल्यावहिल्या हंगामात फक्त आठ शर्यती होत्या आणि त्यातली शेवटची इथे झाली होती. १९९५ मध्ये संस्थापक इनॉक स्टेली वारले. त्यानंतर दोन ट्रॅकमालकांनी मिळून हा ट्रॅक घेतला. २९ सप्टेंबर १९९६ ला जेफ गॉर्डनने शेवटची शर्यत जिंकली आणि इथल्या दोन तारखांपैकी एक टेक्सासला, एक न्यू हॅम्पशायरला गेली. त्या दोघांना खरं तर तारखाच हव्या होत्या. ट्रॅक तसाच पडून राहिला. स्टँडमधून झाडं उगवली. रस्त्यावरून जाताना जाहिरातींचे फिकट झालेले फलक दिसायचे.

एक शर्यत गेली की गावातून काय जातं, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. शर्यतीच्या दिवशी स्टँडखालच्या खाण्याच्या टपऱ्या बऱ्याच ठिकाणी गावातले लोक चालवतात. हायस्कूलच्या बँडचे पालक हॉट डॉग विकतात आणि कमाईतला वाटा बँडच्या गणवेशांना जातो. चर्च आपल्या हिरवळीवर गाड्या लावू देतं आणि त्या पैशांतून छप्पर दुरुस्त होतं. कुणी आपल्या परसात चार आरव्ही (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) उभ्या करू देतो आणि त्यातून घरपट्टी भरतो. टेक्साससारख्या ट्रॅकला दुसरी तारीख मिळाली तर ताळेबंदात एक ओळ वाढते. विल्क्स काउंटीसारख्या ठिकाणाहून तारीख गेली तर शंभर घरांचा हिशोब बिघडतो. मला वाटतं, वेळापत्रक ठरवताना हे वजन कमी धरलं जात आलंय.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये माजी ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर काही लोकांना घेऊन तिथे गेले आणि संगणकावरच्या शर्यतींसाठी ट्रॅकची मोजणी करता यावी म्हणून तो साफ केला. पुढे राज्य सरकारने कोविडोत्तर केंद्रीय निधीतून पैसे दिले, २०२२ मध्ये खालच्या श्रेणींच्या शर्यती झाल्या आणि मे २०२३ मध्ये बिनगुणांची ऑल-स्टार शर्यत आली. ती काइल लार्सनने जिंकली. त्या दिवशी मी कामावर नव्हतो, तिकीट काढून गेलो होतो. माझ्या पुढच्या रांगेत ऐंशीच्या आसपासच्या एक बाई होत्या. शर्यत सुरू व्हायला तास होता आणि त्या बाकाच्या कडेवरून हळूहळू हात फिरवत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "इथे मी मोठ्या मुलाला कडेवर घेऊन बसायचे." तो मुलगा शेजारीच बसला होता, पांढऱ्या दाढीचा. आता २०२६ च्या वेळापत्रकात जुलैमध्ये इथे ३० वर्षांनी गुणांची शर्यत ठेवलीय. तुमच्या ऑफिसातले काही लोक त्या दिवशी आनंदात का होते, हे यावरून लक्षात येईल.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. वेळापत्रक ठरवणारे काही दुष्ट नाहीत आणि त्यांचं कामही सोपं नाही. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ३६ गुणांच्या शर्यती आणि वर दोन बिनगुणांच्या. ईस्टर सोडला तर मोकळा आठवडा जवळपास नाहीच. सप्टेंबरपासून रविवारी दुपारी एनएफएलचं फुटबॉल असतं आणि त्यापुढे टीव्हीवर कुणाचंच चालत नाही. २०२५ पासून प्रक्षेपणाचे हक्क चार कंपन्यांत वाटले गेलेत. गुणांच्या शर्यतींपैकी पहिल्या १२ फॉक्सकडे, पुढच्या पाच ॲमेझॉन प्राइमकडे, मग पाच टीएनटीकडे आणि शेवटच्या १४ एनबीसीकडे. प्रत्येकाला आपल्या वाट्यात एक-दोन मोठ्या शर्यती हव्या असतात. बहुतेक संघांच्या कार्यशाळा शार्लटच्या आसपास आहेत. तिथून कॅलिफोर्नियातलं सोनोमा चार हजार किलोमीटरहून लांब, आणि ट्रक रस्त्यानेच जातात. कुठे एप्रिलपर्यंत बर्फ, कुठे जूनमध्ये रोज संध्याकाळी गडगडाट. शिवाय ट्रॅक मुख्यतः दोनच घराण्यांच्या हातात आहेत. एक खुद्द नॅस्कार, दुसरी स्पीडवे मोटरस्पोर्ट्स. आपली तारीख कोण सहज सोडणार?

२०१६ ते २०२० या काळासाठी ट्रॅकबरोबर पाच वर्षांचे करार होते, म्हणून तेव्हा वेळापत्रक जवळजवळ गोठलेलं होतं. त्या काळात लोकांची तक्रार नेमकी उलटी असायची: दर वर्षी तेच ते, दीड मैलाचे एकसारखे ओव्हल (लंबगोल ट्रॅक), काहीतरी बदला. मी स्वतः प्रेक्षकांकडून भरून घेतलेल्या कागदांवर शेकडो वेळा वाचलंय: लहान ट्रॅक वाढवा, वळणावळणाचे रोड कोर्स वाढवा, जुन्या ठिकाणी परत जा. करार संपले आणि २०२१ मध्ये बांध फुटला. ऑस्टिन आलं, रोड अमेरिका आलं, नॅशव्हिलचा सुपरस्पीडवे आला, इंडियानापोलिसची शर्यत ओव्हल सोडून आतल्या रोड कोर्सवर गेली. त्या एका वर्षात सात रोड कोर्स झाले. तीन वर्षांत त्याच लोकांच्या तोंडी आलं की रोड कोर्स फार झाले. २०२६ मध्ये ते चारवर आलेत. शार्लटची ऑक्टोबरची शर्यतही पुन्हा पूर्ण ओव्हलवर ठेवलीय. २०१८ पासून ती ओव्हल आणि आतला रस्ता जोडून व्हायची.

यावरून बरेच जण म्हणतात की चाहत्यांना काय हवंय ते त्यांनाच कळत नाही. मला हे मान्य नाही. लोकांनी विविधता मागितली होती, ती एकाच वर्षी आणि त्यांच्या जिव्हाळ्याच्या तारखा मोडून दिली गेली. इंडियानापोलिसच्या ब्रिकयार्ड ४०० शर्यतीचंच घ्या. १९९४ मध्ये जेफ गॉर्डनने पहिली जिंकली तेव्हापासून त्या शर्यतीची किंमत होती ती त्या अडीच मैलांच्या ओव्हलमुळे. रोड कोर्सवर गाड्या जास्त आपटल्या, जास्त ओव्हरटेक झाले असतील, पण विजेत्याने तिथल्या अंतिम रेषेवरच्या विटांच्या पट्टीचं चुंबन घेतलं तरी त्यात तो अर्थ नव्हता. २०२४ मध्ये शर्यत ओव्हलवर परतली.

ब्रिस्टलची गोष्टही तशीच. टेनेसीतला अर्ध्या मैलाचा काँक्रीटचा वाडगा. १९८२ पासून २००९ पर्यंत तिथली सलग ५५ कप शर्यतींची तिकिटं संपली होती, आणि एवढं मोठं स्टेडियम भरवणं काय असतं हे आमच्या व्यवसायातल्या माणसालाच ठाऊक. पुढे वसंतातल्या शर्यतीची गर्दी ओसरली. मग २०२१ मध्ये काँक्रीटवर माती पसरून ती शर्यत घेतली. कप मालिकेत मातीवर शर्यत व्हायची ती १९७० नंतर पहिल्यांदाच. पहिल्या वर्षी पावसाने चिखल झाला आणि शर्यत सोमवारी गेली, पण कुतूहलाने लोक आले. २०२२ ला ती ईस्टरच्या रविवारी संध्याकाळी ठेवली आणि तिथे मात्र घराघरांत दोन तट पडले. काहींना ईस्टरला टीव्हीवर शर्यत हवी होती. पण टेनेसीत ईस्टरच्या रविवारी चर्च आणि आजीकडचं जेवण ठरलेलं असतं. २०२४ मध्ये काँक्रीट परत आलं. मला विचाराल तर माती हा वाईट प्रयोग नव्हता. तो मातीच्याच एखाद्या ट्रॅकवर व्हायला हवा होता, ब्रिस्टलचा वसंत खर्च करून नव्हे.

चार जुलैचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्लोरिडातल्या डेटोनाला १९५९ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास शर्यत व्हायची. पूर्वी ती सकाळीच सुटायची. दुपारी कुटुंबं समुद्रात आणि रात्री आतषबाजी. ४ जुलै १९८४ ला रिचर्ड पेटीने तिथे आपली २०० वी शर्यत जिंकली तेव्हा अध्यक्ष रेगन हजर होते. १९९८ मध्ये शर्यत रात्रीवर नेली, त्या वर्षी वणव्यांमुळे ती ऑक्टोबरपर्यंत लांबली. २०२० मध्ये ती ऑगस्टअखेर सरकवली. खेळाच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं. विजेतेपद ठरवणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या उंबरठ्यावर डेटोनासारखा बेभरवशाचा ट्रॅक असला की शेवटच्या फेरीपर्यंत श्वास रोखून धरावा लागतो. मी ती शर्यत पाहिलीय आणि ती थरारक असते. तरी फ्लोरिडातल्या जुन्या मंडळींशी बोला. ती अजूनही "जुलैची शर्यत" असंच म्हणतात.

शिकागोच्या रस्त्यावरची शर्यत मात्र माझा अंदाज चुकवून गेली. जुलै २०२३ मध्ये ग्रँट पार्कभोवती, धो धो पावसात, न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन आपल्या पहिल्याच कप शर्यतीत जिंकला. आदल्या वर्षभर जुन्या चाहत्यांनी या कल्पनेला नावं ठेवली होती आणि मीही त्यांच्यातलाच होतो. तिथे आलेल्यांत बहुसंख्य लोक पहिल्यांदाच शर्यत बघत होते. ज्यांच्या घरात कुणी कधी स्टॉक कार पाहिली नव्हती अशी पोरं बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होती. २०२५ पर्यंत तीन वर्षं ती झाली. २०२६ मध्ये तिच्या जागी जोलिएटचा शिकागोलँड ट्रॅक परत येतोय, जिथे २०१९ नंतर कप शर्यत झालेली नाही. रस्त्यावर भेटलेले ते नवे लोक ४० मैल लांब ओव्हलवर येतील का, हा मला खरा महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

मेक्सिको सिटीचं तर आणखी वेगळं. जून २०२५ ची शर्यत म्हणजे १९५८ नंतर अमेरिकेबाहेर झालेली पहिली गुणांची कप शर्यत. संघांची विमानं रखडली, सराव मागेपुढे करावा लागला आणि इकडे बरेच जण "आम्ही सांगितलं होतं" म्हणत होते. पण आदल्या दिवशीच्या दुसऱ्या श्रेणीच्या शर्यतीत घरचा दानिएल सुआरेझ जिंकला तेव्हा स्टँडमधून जो आवाज उठला तो टीव्हीवर ऐकूनही अंगावर काटा आला. त्यासाठी व्हर्जिनियातल्या रिचमंडची वसंतातली तारीख गेली होती. २०२६ मध्ये मेक्सिको नाही आणि रिचमंडचा वसंतही परत आलेला नाही. हे मला पटत नाही. जुन्या ठिकाणाची तारीख घेऊन नवं काही केलंत आणि ते एका वर्षात सोडलंत, तर आधीच्याला निदान विचारायला हवं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लक्ष देतात का. देतात, पण नेहमी योग्य आवाजाकडे देत नाहीत. जाहीर झाल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत जो गदारोळ होतो त्यावरून आम्ही तिकीट विभागात कधीच निष्कर्ष काढत नव्हतो. फोनवर तावातावाने भांडणारा, "पुन्हा पाय ठेवणार नाही" म्हणणारा माणूस नूतनीकरणाच्या शेवटच्या दिवशी हमखास पैसे भरायचा. त्याला अजून आपल्याशी बोलायचं असतं, म्हणूनच तो भांडतो. मला धास्ती वाटायची ती दोन ओळींच्या पत्रांची. "इतकी वर्षं छान गेली. तुमच्या लोकांनी चांगलं सांभाळलं. या वर्षी आमच्या जागा दुसऱ्या कुणाला द्या." कुठे तक्रार नाही, कडवटपणा नाही. अशी पत्रं आली की मी त्या खात्याची जुनी नोंद काढून बघायचो. बहुतेक वेळा आदल्या एक-दोन वर्षांत तारीख, वार किंवा सुरुवातीची वेळ बदललेली सापडायची.

हो, वेळसुद्धा. यावर बाहेर फार बोललं जात नाही, पण आमच्या टेबलावर तारखेइतकाच त्रास वेळेचा असायचा. पूर्वी पूर्वेकडच्या बहुतेक शर्यती दुपारी एकच्या आसपास सुटायच्या. संपल्या की चार-पाच तास गाडी चालवून माणूस रात्री घरी आणि सोमवारी कामावर. पश्चिमेकडचे प्रेक्षक मिळावेत म्हणून सुरुवात तीन, साडेतीनला गेली. वर पाऊस आला तर ट्रॅक वाळवायला ओव्हलवर तास-दोन तास लागतात, कारण भिजलेल्या मोठ्या ओव्हलवर या गाड्या पळवत नाहीत. आठला सुरुवात झाली तर पोरांना घेऊन आलेला बाप अर्ध्यातून उठतो. मी त्यांना दरवाजातून बाहेर जाताना बघायचो. झोपलेलं पोर खांद्यावर, त्याच्या कानावर मोठाले हेडफोन तसेच, आणि बाप मागे वळून धावफलक बघत चाललेला. त्या माणसाला पुढच्या वर्षी तिकीट विकणं अवघड असतं, आणि त्याला दोषही देता येत नाही.

माझं ठाम मत असं की नवी ठिकाणं आलीच पाहिजेत. २०२४ मध्ये आयोवात पहिल्यांदा कप शर्यत झाली तेव्हा मक्याच्या शेतांमधला तो छोटा ट्रॅक खच्चून भरला होता, आणि तिथले लोक कित्येक वर्षं वाट बघत होते. पण काही तारखांना हात लावू नये. डेटोनाचा फेब्रुवारी, शार्लटची मेमोरियल डेची ६०० मैलांची शर्यत, डार्लिंग्टनचा लेबर डे, ब्रिस्टलची ऑगस्ट-सप्टेंबरमधली रात्र. बाकी जिथे हलवायचं तिथे किमान दोन वर्षं आधी सांगावं. सुट्टी, लग्नं, शाळा, आरव्हीचं आरक्षण, सगळं लोक वर्षभर आधी ठरवतात. हल्ली वेळापत्रक हंगाम सुरू व्हायच्या जेमतेम सहा महिने आधी येतं, आणि निम्मा राग तिथेच जन्माला येतो.

अंतिम शर्यतीचंही असंच. २००२ ते २०१९ ती मायामीजवळच्या होमस्टेडला होती, मग सहा वर्षं फीनिक्सला, आणि २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा होमस्टेडला. पुढे ती वेगवेगळ्या ठिकाणी फिरवायचा विचार आहे. इथे फिरवण्याला माझा विरोध नाही, कारण अंतिम शर्यतीला जाणारा तसाही लांबून, विमानाने येतो. ती तारीख कुठल्या एका गावाची कधी झालीच नाही.

तुम्ही शार्लटला आहात तर पहिली शर्यत म्हणून मेच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या आदल्या रविवारची ६०० मैलांची बघा. संध्याकाळी उन्हात सुरू होते, दिव्यांखाली संपते. कानात प्लग घालाच आणि बसायला पातळ गादी न्या, चार तासांहून जास्त बसावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर एक चक्कर मारा. कुणीतरी खायला बोलावेलच. तुम्ही कुठून आलात ते विचारतील, आणि मग ते स्वतः कोणत्या सालापासून येतात ते सांगायला लागतील.

आणि जेवणावरून उठून गेलेल्या त्या सहकाऱ्याला वेळापत्रकाबद्दल काही समजावू नका. तो पहिल्यांदा कुणाबरोबर गेला होता, तेवढं विचारा.